भांडून काढलेला विमा

शाळेच्या ऑफिसातल्या कारकून बाईंना पोरं पाठीमागे ‘करवत’ म्हणायची. बाईंच्या ते कानावर आलं होतं आणि आवडलंही होतं. गोड बोललं की माणसं डोक्यावर बसतात, हे त्यांचं ठाम मत. शेजारपाजारच्या निम्म्या घरांशी त्यांचा अबोला होता.

अशा बाईंच्या गळ्यात मुख्याध्यापकांनी विम्याचं काम मारलं. ज्या मुलांचा आरोग्य विमा नाही, त्यांची नावं पालकांकरवी सरकारच्या स्वस्त योजनेत घालून घ्यायची. “वरून आदेश आलाय. बघा काय ते,” म्हणून साहेब मोकळे झाले.

पाचवीतल्या एका मुलीला दमा होता. धाप लागली की ती ऑफिसातल्या बाकावर येऊन बसायची. खांदे वर-खाली, ओठ निळसर. बाप वेल्डर. बाईंनी निरोपावर निरोप धाडले, पण तो फिरकला नाही. शेवटी पालकसभेच्या दिवशी त्याला फाटकातच गाठलं.

“पोरीचा विमा का काढत नाही?”

“माझं मी बघेन. तुम्ही शाळा सांभाळा.”

“पोरीचा जीव जाईपर्यंत बघतच बसणार? बाप आहात की वैरी?”

आजूबाजूचे पालक थबकले. बापासोबत आलेल्या मुलीनं मान खाली घातली. वेल्डर लालबुंद होऊन तडक मुख्याध्यापकांकडे गेला आणि बाईंना फाटकाशी उभं राहायचीच बंदी झाली.

दुसऱ्या दिवशी वेल्डरची बायको ऑफिसात आली, तीही भांडायलाच.

“चारचौघांत आमची अब्रू काढलीत! विमा काढला होता आम्ही. एजंट हप्ते घेऊन पसार झाला. दवाखान्यात कार्ड दाखवलं, तर म्हणाले खोटं आहे. धापा टाकणाऱ्या लेकीला उचलून माघारी आलो. तेव्हापासून विम्याचं नाव काढलं की हे अंगावर येतात. तुम्ही विचारलंत का कधी?”

बाईंनी विचारलं नव्हतं. पण माफी न मागता त्यांनी योजनेचा कागद पुढे ओढला.

“उद्या त्यांना विमा कचेरीत घेऊन या,” त्या म्हणाल्या. “मी येते. मध्ये एजंटबिजंट कुणी नको.”

दुसऱ्या दिवशी वेल्डर कचेरीत आला, पण बाईंकडे पाठ करून उभा राहिला. खिडकीतल्या साहेबांनी मुलीच्या नावाचं कार्ड पुढे सरकवलं आणि हप्ता मागितला. त्यानं हातच लावला नाही.

“हे खरं कशावरून?”

“सरकारी आहे.”

“मागचंही सरकारीच होतं. दवाखान्याला फोन लावा. ते हो म्हणाले तर हप्ता भरतो.”

“असं आम्ही करत नाही. बाजूला व्हा.”

रांगेतून शिव्या सुरू झाल्या. तेव्हा करवत चालली.

“तो बाजूला होणार नाही आणि मीही नाही,” बाई कडाडल्या. “एकदा तोंड पोळलंय त्याचं. लावा फोन!”

“बाई, आवाज खाली!”

“आधी फोन!”

साहेबांनी चिडून नंबर फिरवला आणि फोनचा आवाज मोठा करून ठेवला. पलीकडून उत्तर आलं, कार्ड चालेल, मुलीला घेऊन या. वेल्डरनं हप्ता भरला. कार्ड खिशात घातलं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “फाटकात बोललात ते मी विसरणार नाही.”

“नका विसरू,” बाई म्हणाल्या. “आधी विचारायला हवं होतं मी.”

तो निघून गेला. पुढे औषधपाणी सुरू झालं. मुलगी मैदानात दिसू लागली. वेल्डर शाळेत आला तरी बाईंकडे ढुंकून बघायचा नाही.

एके दिवशी मात्र त्याच्या ओळखीचे दोन कामगार ऑफिसच्या दारात घुटमळले.

“वेल्डरनं धाडलंय,” त्यातला एक म्हणाला. “म्हणाला, बाई फाटक्या तोंडाची आहे, पण कचेरीत शेवटपर्यंत उभी राहते.”

बाईंचा पारा चढला. “फाटक्या तोंडाची? सांगा त्याला, समोर येऊन बोल म्हणावं! आणि तुम्ही काय दारात खांब झालात? पोरांची नावं सांगा.”