एक जूनच्या मुली

गुरुवारी सकाळी निर्मलाने वरणात दोनदा मीठ घातलं. शांतारामने पहिला घास घेतला, ताटाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“वरणाला पाणी समुद्रातून आणलं का?”

आशागडच्या त्या दोन खोल्यांत निर्मलाच्या नुसत्या फेऱ्या चालल्या होत्या. डबा भरला, झाकण लावलं, परत उघडून पाहिलं. पर्समधला रुमाल काढून दुसरा ठेवला.

“अजून त्या पोरीचंच चाललंय ना डोक्यात?” शांताराम म्हणाला. तो वाणगाव स्टेशनात पॉइंट्समन होता आणि नोकरी म्हणजे काय हे आपल्याला निर्मलापेक्षा जास्त कळतं, अशी त्याची ठाम समजूत होती. “हे बघ, तुला कुणी विचारलंय? नाही ना? मग आपण होऊन तोंड उघडायचं नाही. मार्चमध्ये तुझा कागद संपतोय.”

ते तिलाही माहीत होतं. तलासरीला मिशनचं विद्यापीठ होतं, तिथल्या संगणक कक्षात ती सोळा वर्षं सहायक होती. पण दर अकरा महिन्यांनी नेमणुकीचा कागद नवा व्हायचा. प्रत्येक वेळी आठवडाभर तिला जेवण जायचं नाही.

त्या दिवशीची चौकशी तिची नव्हतीच. जिजाची होती. जिजा पहिल्या वर्षाला होती, पाड्यावरून येऊन वसतिगृहात राहणारी. सोमवारी तिच्या खात्यातून सगळ्या प्राध्यापकांना एक घाणेरडी ई-मेल गेली. मशीन नंबर चौदावरून, दुपारी बारा चाळीसला. जिजा रडून सांगत होती, “मी तवा भांडी घाशीत होती.” पण संगणक वापराच्या नियमात लिहिलं होतं की खात्यातून जे होईल त्याची जबाबदारी खातेदाराची. खाली जिजाची सही होती. जुलैत त्या जागेवर बोट ठेवून “इथं कर गं सही, मागं रांग आहे,” असं म्हणाली होती ती निर्मलाच. खातं बंद झालं तर परीक्षेचा फॉर्म भरता येणार नव्हता. म्हणजे वर्ष गेलं. आणि पाड्यावरच्या मुलीचं एक वर्ष गेलं की ती परत येत नाही, हे निर्मलाने सोळा वर्षांत पुष्कळदा पाहिलं होतं.

जीपमध्ये तिला खिडकीकडची जागा मिळाली, तरी ती दोनदा सरकून बसली. शेजारची बाई म्हणाली, “मुंग्या आहेत काय सीटवर?”

तिने शांतारामला जे सांगितलं होतं ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. नव्या मुलींची खाती निर्मला उघडायची. सुरुवातीला मुली आपापले पासवर्ड ठेवत आणि आठ दिवसांत विसरत. अर्धा तास त्यातच जाई, संगणकाचे सर ओरडत. मग तिने एक पद्धत काढली. मुलीचं नाव आणि पुढे जन्मतारीख, हाच पासवर्ड. पहिल्याच दिवशी तो बदलून घ्यायचा, असा नियम होता. तिने कुणाला बदलू दिलाच नाही. काम सुरळीत झालं. तिचं कौतुकही झालं, एका वर्षी शालसुद्धा मिळाली.

तीन वाजता, चौकशी करणाऱ्या फादर प्रवीण यांच्या खोलीत जिजा दाराशी उभी होती. चप्पल बाहेर काढून आली होती, तसं कुणी सांगितलं नव्हतं. निर्मला खात्यांची नोंदवही घेऊन आली होती. ती टेबलावर ठेवून निघायचं, एवढंच काम.

“जिजा, पासवर्ड कुणाला सांगितला होतास?” फादरनी विचारलं.

“नाय फादर. कुणालाच नाय.”

“मग दुसऱ्या कुणी कसं उघडलं?”

फादरनी सुस्कारा टाकून पेन उचललं. निर्मला दारापर्यंत गेली, पदर सारखा केला, आणि परत फिरली.

“फादर, तुमचं मशीन जरा मला द्या. आता वसतिगृहातल्या कुठल्याही मुलीचं नाव सांगा.”

“निर्मलाताई, हे काय?”

“सांगा तर खरं.”

“शुक्री.”

तिने भराभर कळा दाबल्या. शुक्रीचं खातं उघडलं. फादर पुढे वाकले. “अहिल्या,” ते म्हणाले. तेही उघडलं.

“नाव आणि जन्मतारीख, फादर. मीच लावून दिलंय. आणि पाड्यावरच्या मुलींना जन्मतारीख असते कुठे? शाळेत घालताना गुरुजी एक जून लिहितात. दोनशे बारा मुली आहेत, त्यांतल्या दीडशेच्या वर एक जूनच्या. मुलींना एकमेकींच्या तारखा ठाऊक आहेत, वाढदिवस विचारला की सगळ्या एकदम ‘एक जून’ म्हणून हसतात. चौदा नंबरवर कोण बसलं ते मला माहीत नाही. कुणीही बसू शकतं.”

फादरनी पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, “माझी आई सांगायची, मी भातकापणीत झालो. दाखल्यावर माझीपण एक जूनच आहे.” त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला, स्क्रीन दोघींना दिसणार नाही अशी वळवली आणि स्वतःचं खातं उघडून बरंच काही टाइप केलं. निर्मलाला हसू आलं, ते तिने गिळलं.

जिजाचं खातं चालू राहिलं. निर्मलाला लेखी खुलासा द्यायला सांगितलं. मार्चचं काय, हे तिने विचारलं. “समिती ठरवेल,” फादर म्हणाले. “मी बोलेन. पण वचन देत नाही.”

बाहेर जिजा चपला घालत होती. आता ती आभार मानेल, असं निर्मलाला वाटलं. कबूल करायला लाज वाटली, तरी वाटलं.

“म्हणजे मॅडम, तुमाला सुरवातीपासून ठावा होता? माझं कोनीपण उघडू शकतं ते?”

“सोमवारी कळलं गं. त्याच्याआधी असा विचारच केला नव्हता.”

“सोमवारी. आज गुरवार हाय.”



चार वाजता संगणक कक्षात सगळ्या मुलींना बोलावून पासवर्ड बदलायला बसवलं. या वेळी तिने नियम मोठ्याने वाचले, एकेक ओळ, रांग ताटकळली तरी. मुली कुजबुजत होत्या, कुणी हसत होतं, कुणाला सुचत नव्हतं. जिजा चौदा नंबरवरच बसली. दोन अक्षरं टाइप करून थांबली. सवयीने निर्मला तिच्या खुर्चीमागे जाऊन वाकली.

जिजाने कीबोर्डवर ओढणी टाकली.

“मॅडम, तिकडं बघा ना.”

निर्मला भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पाठीमागे कळा वाजत होत्या, थांबत होत्या, परत वाजत होत्या. हातांचं काय करायचं ते तिला कळेना.