गालाच्या आतला पांढरा डाग
निपाणीच्या बाजारात तंबाखूचा खकाणा नाकात गेला की मला आमच्या आरोग्य केंद्रातली ती सकाळ आठवते. मी तिथं नर्स होते आणि तिशी ओलांडलेल्यांची तोंडं तपासत होते. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या एका धिप्पाड माणसाला त्याची बायको घेऊन आली होती. त्याच्या गालाच्या आत पांढरा, खरखरीत डाग दिसला. "अण्णा, बेळगावला जाऊन याचा तुकडा तपासून घ्या. कॅन्सर असू शकतो," मी म्हणाले. त्यानं माझ्या तोंडावर ठोसाच हाणला. मी औषधांच्या कपाटावर आदळले. ओठ फाटला, काचा फुटल्या. तो पुन्हा धावून आला, तेव्हा त्याच्या बायकोनं लोखंडी स्टूल उचलून त्याच्या पाठीत घातलं. "आजार दावला म्हनून तिलाच मारतोस व्हय रं?" ती किंचाळली. तो काचांतच खाली बसला आणि रडायला लागला. "माझा बा तोंड कुजून मेला, बाई," एवढंच म्हणाला. रक्त पुसत मी त्याला बेळगावच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. डाग वेळेत काढला, तो वाचला. मी मात्र अजून असं काही सांगायच्या आधी खुर्ची हातभर मागं घेते, आणि मग सांगतेच.