पहिला घास दुसऱ्याचा

नंदिनीचा, माझ्या लेकीचा, फोन आला तेव्हा मी इंग्लंडातल्या रीडिंगच्या सुपरमार्केटात स्वतःच बिल करायच्या मशीनपुढे उभी होते. "आई, आत्या गेली," ती म्हणाली. मी बरं म्हटलं, कोथिंबिरीची जुडी स्कॅन केली, कार्ड लावलं आणि घरी आले. घरी येऊन कोथिंबीर निवडलीसुद्धा... त्याला आता दीड-दोन महिने होतील. अजून डोळ्यांत पाणी नाही. लोक म्हणतात, धक्का बसलाय. मला तर काहीच बसल्यासारखं वाटत नाही. भांडी घासते, कचऱ्याची बिनं बाहेर ठेवते, झोपते.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, सुमनताई. नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य असतं म्हणतात, आणि सुरुवातीची कैक वर्षं आम्ही दोघींनी ते इमानेइतबारे निभावलं. माझ्या आमटीत त्यांना गूळ कमी लागायचा, त्यांच्या विमानतळाजवळच्या हाउन्सलोच्या घरात मला हीटिंग जास्त लागायचं. मग माझा नवरा गेला आणि भांडायचं कशावरून तेच दोघींना आठवेना. शनिवारी त्या माझ्याकडे यायच्या, नाहीतर मी त्यांच्याकडे. विमानतळावरच्या दुकानात त्यांची सगळी नोकरी झाली, पण वेड होतं रेल्वेचं. आणि सवय एकच, ताट असो की डबा, पहिला घास दुसऱ्याच्या पानात टाकल्याशिवाय त्या जेवत नसत. समोरचा अनोळखी असला तरी सुटका नाही. एकदा ब्रिस्टलला जाताना त्यांनी तिकीट तपासायला आलेल्या माणसाच्या हातावर तिखटमिठाची पुरी ठेवली होती. त्याने ती निमूट खाल्ली.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी जपान काढलं. तिथल्या गाड्या वेळेवर येतात हे त्यांना मरायच्या आधी बघायचं होतं, आणि जुनी देवळं बघायची आहेत असं म्हटलं की मी नाही म्हणणार नाही हेही त्यांना ठाऊक होतं. दोघी म्हाताऱ्या रेल्वेचा पास गळ्यात अडकवून हिंडलो. क्योटोत, नारात, जिथे देऊळ दिसेल तिथे वन्सं आधी प्रदक्षिणा घालत आणि मग प्रसाद कुठे देतात ते शोधत. एका देवळात हातात वीणेसारखं वाद्य घेतलेली देवी दिसली. ती आपली सरस्वतीच, असं पाटीवर लिहिलं होतं. वन्सं बराच वेळ तिच्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही आपल्याही आधी घर सोडून निघाली गं."

कोयासान नावाच्या डोंगरावर जुनी मठ-मंदिरं आहेत. तिथे चढणारी गाडी लहानशी, दोन्ही बाजूंनी झाडी. आम्ही स्टेशनवर घेतलेले जेवणाचे डबे उघडले. वन्संनी त्यांच्या डब्यातली भोपळ्याची फोड चॉपस्टिक्समध्ये धरून माझ्यापुढे केली आणि मी ती माझ्या काड्यांनी घ्यायला गेले. समोरच्या वयस्क बाईंनी पटकन पुढे होऊन आमच्या दोघींचे हात धरले. रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. मग त्या आपल्या फोनमध्ये काहीतरी बोलल्या आणि फोनने ते आम्हाला इंग्रजीत सांगितलं. अन्न असं काड्यांतून काड्यांत द्यायचं नसतं. माणूस गेल्यावर घरची माणसं त्याच्या अस्थी अशा उचलतात, एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत, आणि कलशात ठेवतात. तेव्हाच फक्त.

मी शरमून फोड डब्यात ठेवायला लावली. वन्सं मात्र बोगदा येऊन गेला तरी विचारच करत होत्या. "बरी पद्धत आहे," त्या म्हणाल्या. "एकट्याने उचलायचं नाही. शालिनी, माझ्या वेळी तू आणि तुझी नंदू असं करा."

"काहीतरीच बोलू नका वन्सं."

"करशील ना?"

करीन, म्हटलं मी. विषय संपावा म्हणून म्हटलं असेन, पण म्हटलं. त्यांनी त्याच संध्याकाळी लाकडी काड्यांचे दोन जोड विकत घेतले. परत आल्यापासून ते माझ्या चमच्यांच्या खणात आहेत.

अस्थी भारतात न्यायच्या नाहीत हे त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं. जन्मभर विमानांच्या आवाजात झोपले, आता विमानात घालू नका, म्हणत. म्हणून ब्रिस्टलजवळचा समुद्र ठरला. नंदिनी ब्रिस्टललाच असते. ती मला न्यायला आली, आम्ही अस्थींचा कलश ताब्यात घेतला आणि तिने झाकण उघडून पाहिलं.

"आई, ही सगळी पावडर आहे. आपण उचलायचं काय?"

इथे दळूनच देतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. पर्समध्ये दोन्ही जोड होते. एवढी एकच गोष्ट त्यांनी मागितली होती, आणि उचलायला काही उरलेलंच नव्हतं. तेव्हा रडू यायला हवं होतं. मी नंदिनीला फक्त म्हटलं, चल, गाडी चुकेल.

गाडी अर्थातच उशिरा आली. जागा टेबलाची मिळाली. कलशाची पिशवी खिडकीशी ठेवली, तिच्या शेजारी मी, समोर नंदिनी. तिने घरून आणलेला डबा उघडला. भोपळ्याची भाजी होती, फोडी मोठ्या, आत्याला आवडायच्या तशा. ती माझ्यापुढे हात करून राहिली. मला कळायला जरा वेळ लागला. मग पर्समधून एक जोड काढून तिला दिला, एक मी घेतला.

तिने एक फोड उचलून धरली. मी ती माझ्या काड्यांनी तिच्या काड्यांतून घेतली. फोड पडली नाही. गाडीचा डबा माणसांनी भरला होता. शेजारच्या रांगेत एक माणूस लॅपटॉप बघत होता. आमचे हात धरायला कुणी आलं नाही.

फोड मी डब्याच्या झाकणात ठेवली आणि झाकण पिशवीपुढे सरकवलं. मग आम्ही दोघी जेवलो. इतक्या वर्षांत पहिला घास त्यांना कुणी वाढला, तो तेव्हाच.