अध्यक्षपदाची दोन पत्रकं

नव्वदच्या दशकात मी अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होतो. नाशिकरोडहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी रोज एक कायम कामगार बसायचे. एकलहऱ्याकडचे, रिटायर व्हायला आलेले. बसले की आधी चष्मा शर्टाच्या टोकाला पुसायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

युनियनच्या अध्यक्षपदाची निवडणूक लागली, तेव्हा दोन्ही उमेदवारांची पत्रकं त्यांनी मांडीवर शेजारी शेजारी ठेवली आणि बोट फिरवत ओळ न ओळ वाचली.

"हा आपल्यातला, वीस वर्षं लेथवर. पगारवाढ मागतोय," ते म्हणाले. "दुसरा वकील, बाहेरचा. त्याला पान्हा धरता येत नाय. पण कंत्राटी पोरांना कायम करा म्हणतो."

"मग तुमचा फायदा पहिल्यात आहे," मी म्हणालो.

"हाय ना. घराला अजून एक खोली काढायचीय." त्यांनी पत्रकं घडी करून खिशात घातली.

आम्हा कंत्राटी कामगारांना मत नव्हतं. मतदानाच्या संध्याकाळी परतताना मी त्यांना सहज विचारलं, "मग, लेथवाले ना?"

"वकील," ते म्हणाले. "तुला मत नाय ना? म्हटलं, माझंच तुझ्या नावानं टाकू."

वकील पडला. आम्ही कंत्राटीच राहिलो आणि वर्षभरात माझं काम सुटलं. पुढं बऱ्याच निवडणुकांत मी मत दिलं. पण माझं पहिलं मत त्यांनी टाकलं, असंच मी धरतो.