नांदेडच्या घराला लातूरहून दार

आबांचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. शुक्रवारी त्यांनी दवाखान्यातून फोन करून मला एकच गोष्ट मागितली.

"मुदखेडचं गाणं ऐकीव मला. तुझी आई हाय त्याच्यात."

वडील लातूरला, मी नांदेडला, अशी आमची गेली दोन वर्षं विभागणी आहे. मुलीच्या क्लासेससाठी बायकोनं लातूरला दोन खोल्या घेतल्या आणि आई गेल्यावर आबाही तिकडेच राहायला गेले. मी इथल्या एका कॉलेजात संगणक शिकवतो. शनिवारी लातूरला जातो, रविवारी परत येतो. न्हाणीत पडून आबांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हाही मी इथेच होतो. त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं ते बायकोनं. रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करून काही दिवस थांबायचं आणि मग ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाले. हृदय कमजोर आहे, भूल सोसेल की नाही सांगता येत नाही, हेही त्यांनी तिलाच सांगितलं. मला ते फोनवर कळलं.

आबांची गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत ते गावोगाव भीमगीतं गायचे. मुदखेडला तर दरसाल. आई मागे बसून कोरस धरायची. कुणीतरी टेपरेकॉर्डर लावलेला असायचा, त्या कॅसेटी घरी साठल्या. दोन वर्षांपूर्वी मी त्या सगळ्या संगणकावर उतरवल्या. काही टेपा इतक्या सुकल्या होत्या की एकदाच वाजल्या आणि तुटल्या. उतरवलेलं सगळं मी घरच्या जुन्या संगणकाच्या पोटात बनवलेल्या दुसऱ्या, आभासी संगणकात ठेवलं. या आतल्या यंत्राला स्वतःचं नाव होतं, घरातल्या नेटवर्कवर स्वतःचा पत्ता होता. त्याचं पान उघडलं की टेपांची रांग दिसायची. मुख्य संगणकाला काही झालं तरी टेपा सुरक्षित राहतील, असं मी आबांना समजावलं होतं. हे खरं नव्हतं. दोन्ही एकाच डिस्कवर होते.

"दुसरी कापी काढलीस न्हवं?" आबांनी तेव्हाच विचारलं होतं.

"हाव," मी म्हणालो होतो. काढली नव्हती. काढू उद्या, असं म्हणत राहिलो.

शुक्रवारी बायको म्हणाली, "अहो, पेनड्राईव्हवर घालून आणा की."

मी तिला सांगितलं की टेपांवर नावं नाहीत, मुदखेडचं कुठलं ते आबांनाच ऐकून कळेल, आणि एवढ्या मोठ्या फाइली पेनड्राईव्हवर मावणार नाहीत. यातलं बरंचसं खरं होतं. पण कपाटात एक रिकामी हार्डडिस्क पडून होती. ती मी काढली नाही. नांदेडचं यंत्र लातूरच्या खाटेवर वाजतंय हे मला आबांना दाखवायचं होतं. पोरगा इतकी वर्षं काय शिकवतो, ते त्यांना एकदा दिसावं असं वाटत होतं. हे आज लिहितानाही बरं वाटत नाही.

घरातलं यंत्र बाहेरून दिसत नाही. बाहेरच्या जगाला फक्त राउटरचा पत्ता माहीत असतो. अमुक दारावर कुणी आलं तर त्याला आतल्या तमक्या खोलीत पाठव, असं राउटरला सांगून ठेवावं लागतं. ते मी सांगितलं. तरी काही उघडेना. दुपारी नेटवाल्याला फोन लावला.

"सर, तुम्हाला येगळा पत्ता हायच कुठं? अख्ख्या गल्लीला मिळून एक हाय. बाहीरून आलेल्याला कळंल कसं, कुणाच्या घरी जायचं ते?"

"मग मला वेगळा द्या. कायमचा."

"देतो की. पण कशाला लागून राहिला? कॅमेरे बसवले का?"

"आईचं गाणं आहे," असं काही मी म्हणालो नाही. "कॉलेजचं काम आहे," म्हणालो.

शनिवारी सकाळी पत्ता मिळाला. वायफाय बंद करून मी मोबाईलच्या डेटावर पान उघडलं आणि टेपांची रांग समोर आली. मी घरात एकटाच हसलो. मग सहज नोंदी बघितल्या. कोण आलं, कधी आलं, हे यंत्र लिहून ठेवतं. माझ्याखेरीज आणखी कुणीतरी येऊन गेलं होतं. एक नाही, बरेच. कुठकुठले पत्ते, आणि प्रत्येक जण निरनिराळी नावं घालून कडी हलवून बघत होता. हे नेहमीचं असतं, कुणी माणूस नसतो, यंत्रंच सगळीकडे असं करत फिरतात, हे मी मुलांना दरवर्षी शिकवतो. पण माझ्या घराच्या दारावर ते बघून मी नोंदी पुन्हा वरपासून वाचल्या. बसची वेळ झाली होती. मी पिशवी उचलली, कुलूप लावलं, शेजारच्या मावशींकडे नेहमीसारखी किल्ली दिली आणि निघालो.

लोहा मागे पडल्यावर आठवलं. पासवर्ड मी जुनाच ठेवला होता, बायकोला टाइप करायला सोपा म्हणून. आईचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तोच आमच्या वायफायचा होता आणि जयंतीच्या दिवसांत अर्ध्या गल्लीनं तो वापरला होता. त्याहून वाईट म्हणजे, आत येणाऱ्याला मी ऐकायचीच नाही, पुसायचीही मुभा ठेवली होती. घाईत त्या मुभेपुढची बरोबरची खूण काढायची राहिली.

अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली तसा मी पान उघडायला लागलो. पडद्यावरचं चाक नुसतंच फिरत राहिलं. रेंज नसेल, म्हटलं. लातूर आलं तरी तेच. म्हणजे कुणीतरी आत शिरलं आणि सगळं पुसून गेलं, असं माझ्या मनानं ठरवूनच टाकलं. दवाखान्याच्या जिन्यात मी तीनदा थांबलो.

आबा उशाला टेकून वाट बघत होते. दाढी करून घेतली होती.

"लाव."

"नेट नाही इथं."

"शेजारच्या खाटेवरचा कवापासून कुस्त्या बघून राहिला मोबाईलवर. त्याला बरं नेट हाय!" मग माझ्याकडं बघून म्हणाले, "संगणकाचे मास्तर तुम्ही. घरचं गाणं घराबाहीर काढता येईना व्हय?"

बायकोनं माझा चेहरा बघितला आणि मला बाहेर बोलावलं. व्हरांड्यात मी तिला सगळं सांगितलं. पासवर्ड, पुसायची मुभा, आणि दुसरी प्रत नाही, हेही.

"आबांना तुम्ही काढली म्हणून सांगितलं होतं."

"हो."

"मावशींना फोन केला का?"

"मावशींचा काय संबंध? हे नेटवरून झालंय."

"करा तर."

मी केला. मावशी म्हणाल्या, "काय झालं बाबू? आबा बरे हायत न्हवं?"

"बरे आहेत. मावशी, आमच्या घरात काही झालं का?"

"काय व्हायचंय? किल्ली दिलीस, म्या आत गेले अन् मेन बंद केला. आत काही लाल-हिरवं लुकलुक करून राहिलं होतं, तेबी गेलं."

"मेन कशाला बंद केला?"

"आता गं बया! तूच म्हणलास की जाताना. मावशी, मेन बघा म्हणून."

आमच्या गल्लीची ही रीतच आहे. पलीकडच्या बंद घरात एकदा इन्व्हर्टर पेटला, तेव्हापासून ज्याच्याकडे किल्ली त्यानं मेन बंद करायचा. दर शनिवारी किल्ली देताना ते वाक्य मीच म्हणतो. आदल्या दिवशी तासन्‌तास खपून बाहेरून दार केलं आणि निघताना स्वतःच्या तोंडानं ते बंद करायला सांगितलं. मी बाकावर बसलो. म्हणजे कुणी आत गेलं नव्हतं. बंद यंत्रात कोण जाणार? पण धाडकन वीज गेल्यावर ते यंत्र पुन्हा उठेल का, ही नवी धास्ती होती. शिवाय आतलं यंत्र आपोआप सुरू होत नाही. ते कुणीतरी समोर बसून सुरू करावं लागतं.

मावशींनी मेन लावला, संगणकाचं बटण दाबलं. संगणकाला पासवर्डचं कुलूप नव्हतं, तेव्हा तरी त्याचं बरं वाटलं. त्यांच्या नातवानं लावून दिलेल्या व्हिडिओ कॉलवर मला आमच्या घराचं छत आणि मावशींची हनुवटी दिसत होती.

"मावशी, पडदा दाखवा. तो बाण त्या निळ्या चौकोनावर न्या."

"न्हाई थांबत ते. पळूनच राहिलं."

"हळू न्या. आता लागोपाठ दोनदा दाबा."

"दाबलं. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं धावू लागली रे! मोडलं का म्या काही?"

"नाही मावशी. धावू द्या."

अक्षरं मध्येच एका ओळीवर थांबली. डिस्क तपासत आहे, असं लिहिलं होतं. व्हरांड्यात जेवणाची गाडी आली, गेली. मावशींनी फोन खुर्चीला टेकवून ठेवला होता आणि त्या बाजूला कुणालातरी सांगत होत्या की सर रडायला आलेत. मग ओळी पुढे सरकल्या.

माझ्या फोनवर टेपांची रांग उघडली. मी आधी पासवर्ड बदलला, मग पुसायची खूण काढली. घाईत नवा पासवर्ड दोनदा चुकला. नंतर आबांपुढे बसलो आणि एकेक टेप लावू लागलो. बायकोच्या फोनवर नोंदी उघडून ठेवल्या होत्या. त्या हलल्या की माझं लक्ष तिकडे जायचं.

"ही न्हवं. पुढं." "ही किनवटाकडची. ढोलकीवाला येगळा हाय." "पुढं." आणि मध्येच, फोनकडे न बघता, "कापी काढलीस म्हणला होतास न्हवं?"

"नव्हती काढली, आबा."

त्यांनी मान वळवली. "दोन साल झाले."

"हो."

"लाव पुढची," ते म्हणाले. एवढंच.

ती टेप लागली तेव्हा पेटीच्या दोन सुरांतच त्यांनी हात वर केला. त्यांचा तरणा आवाज आला, आणि ओळ संपायच्या आधीच मागून एका बाईनं कोरस उचलला.

"आली बघ," आबा म्हणाले. "कवाच टायमावर न्हाई आली. आधीच यायची. लई भांडलो म्या त्याच्यापायी."

त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली. मी आधी ती टेप माझ्या फोनवर उतरवून घेतली, मग बायकोच्या. ती उतरत असताना आबा खोळंबले आणि चिडले, तरी मी थांबलो नाही. मग ती फोनवरूनच लावून त्यांच्या कानाशी धरली.

बाकीच्या टेपा तिथेच होत्या, आणि दारावर कुणी ना कुणी कडी हलवतच होतं. आबांचा डोळा लागल्यावर मी व्हरांड्यात येऊन मावशींना फोन केला आणि आधी त्यांच्याकडून संगणक नीट बंद करवून घेतला.

"मावशी, मेन बंद करा."

"बघ बरं. उद्या मलाच म्हणशील."

"नाही म्हणणार. करा बंद."

खटक्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला.