दशावतार आणि लॅपटॉपचे पैसे

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. कोणी कधी हे वाचलंच तर तेवढं माफ करावं. बाकी जे लिहिणार आहे त्याची मी माफी मागणार नाही.

भांडुपला आमची एक खोली. मी पोळीभाजी केंद्रात चपात्या लाटते, नवरा एका सोसायटीत वॉचमन आहे. मुलगी कॉलेजात सायन्स शिकते. तिला लॅपटॉप हवा होता तेव्हा धाकट्या दिरांनी पैसे दिले. ते मुलुंडला राहतात, ऑफिसात मोठे साहेब आहेत. म्हणाले, "वहिनी, जमेल तसे द्या." मी नात्याने मोठी, तरी त्यांना हात जोडले. आता त्या जोडलेल्या हातांचाच राग येतो.

इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे. तो कोणीही फुकट लिहायचा आणि दुसऱ्याचं चुकलं तर दुरुस्त करायचं, अशी तिथली रीत. दीर तिथे आमच्या गावाची, देवळांची माहिती लिहायचे. त्यांचं बघूनच मुलगी लिहायला लागली. तिने उत्क्रांतीचं पान हातात घेतलं. माणूस आणि माकडं फार जुन्या काळी एकाच पूर्वजापासून आली, हे तिने पुस्तकांचे आधार देऊन मराठीत लिहिलं आणि मला वाचून दाखवलं.

"म्हणजे आपली खापरपणजी माकडीण होती काय गं?"

"नाही गं आई. आपली आणि माकडांची खापरपणजी एकच."

हे मला समजलं. गावात एका घराची चार घरं होतात, तसंच.

मग तिथे एक जण आला. टोपणनाव लावून लिहिणारा. त्याने तिचं वाक्य उडवून "हा परदेशी लोकांचा निव्वळ अंदाज आहे" असं टाकलं. हिने आपलं परत लावलं. त्याने परत उडवलं. मग त्याने भर घातली की उत्क्रांती आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होती, मासा, कासव, डुक्कर हे दशावतार बघा. त्या पानाच्या मागे वाद घालायला वेगळं पान असतं. तिथे हिने लिहिलं, "आधी ठरवा, उत्क्रांती खोटी आहे की आपली आहे?"

मी पिठाच्या हातांनी हसले. दशावतारी नाटकं बघत मी मोठी झाले, देवाला मानते. पण देव काय तुमच्या भांडणातला साक्षीदार आहे, वाटेल तेव्हा उभा करायला?

त्यावर उत्तर आलं. ते मी स्वतः वाचलं, एकेक अक्षर लावून. "आई चौथी पास, बाप वॉचमन. काकाच्या पैशांनी घेतलेल्या लॅपटॉपचे पैसे आधी फेड, मग आम्हाला पूर्वज शिकव."

मुलगी पांढरी पडली. घरचं तिने तिथे काहीच लिहिलं नव्हतं. लॅपटॉपचं आम्हा तिघांशिवाय एकालाच माहीत होतं. रागाच्या भरात गृहस्थ आपण मुखवटा लावलाय हेच विसरले. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ती ओळ गायब झाली. पण तिथे पुसलेलंही जुन्या नोंदींत राहतं, कोणी कधी लिहिलं त्यासकट. इतकी वर्षं तिथे लिहिणाऱ्याला हे आमच्यापेक्षा जास्त माहीत.

नवरा म्हणाला, "जाऊ दे गं. भाऊ आहे माझा. रागात बोलला."

"बोलला नाही, लिहिलंय त्याने."

"मग पुसलं ना?"

त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढलं आणि माझं ताट घेऊन दारात जाऊन बसले.

मुलीने लॅपटॉप जुन्या ओढणीत गुंडाळून कपाटावर ठेवला. "पैसे फिटेपर्यंत हात लावणार नाही." उत्क्रांतीच्या पानावर दिरांचं ते "निव्वळ अंदाज"वालं वाक्य तसंच राहिलं. मी चौथी पास आहे, ते खरंच आहे, त्याचं मला काही नाही. पण पोरीला वादात हरवता येईना म्हणून पैसे दाखवून गप्प केलं, याने माझं डोकं अजून तापतं.

केंद्रात आम्हा बायकांची भिशी आहे. माझी पाळी शेवटची. चार माणसांत मी मान वर करून बोलत नाही, पण त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "या खेपेला मला द्या."

"कशाला गं?"

"दिराच्या तोंडावर मारायला."

"मग घे बाई, माझी पाळी घे!" एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. कमी पडले ते चकलीच्या ऑर्डरी घेऊन जमवले.

मुलुंडला एकटीच गेले. दिरांनीच दार उघडलं. पाकीट पुढे केलं तर म्हणाले, "अहो वहिनी, मी कुठे मागितले होते?"

"मागितलेत की. सगळ्या जगासमोर."

ते लाल झाले. "ते कोणीतरी... तिथे कोणीही काहीही लिहितं, वहिनी."

"मोजून घ्या."

अंगठ्याला थुंकी लावून त्यांनी मोजले. मी उभीच होते. ते म्हणाले, "बरोबर आहेत."

"फिटले म्हणा."

"फिटले, वहिनी."

त्यांच्याच जिन्यात उभी राहून मी मुलीला फोन लावला. म्हटलं, "काढ तो लॅपटॉप खाली. सगळे पैसे फिटले."