सोपानची खुशाली

दिगंबर गंगाखेडच्या बसस्टँडवर बाकड्यावर बसल्या बसल्या गेला. त्याच्या बायकोचा, कमलचा, फोन आला तेव्हा मी जिंतूरला शाळेत वह्या तपासत होते. "ताई, हे गेले," एवढं म्हणून ती थांबली... आणि रडू फुटायच्या आधी तिने विचारलं, "पण गंगाखेडला काय काम होतं यांचं?" मानवतला फोटो स्टुडिओ चालवणारा माणूस, त्या दिवशी कुठे लग्न नाही की मुंज नाही. पिशवीत साखरेचा पुडा आणि गुडघ्याला चोळायचं तेल सापडलं म्हणे. तो राणीसावरगावच्या गाडीची वाट बघत होता हे मला तत्काळ कळलं. तरी मी म्हणाले, "मला नाही गं माहीत." माझ्या तोंडून खोटं किती सफाईने निघतं ते मला त्या दिवशी पुन्हा कळलं. ते मला दिगंबरनेच शिकवलं होतं.

आम्ही मानवतला एका वर्गात होतो. हट्टी माणूस. त्याच्याशी वाद घालणं म्हणजे म्हशीपुढे पोथी वाचणं. वीस वर्षं लग्नांचं शूटिंग करून त्याला माणसांचे चेहरे पाठ झाले होते. नवरीची आई खरी रडते आणि आत्या कॅमेऱ्याकडे बघत रडते, असं तो मला हसत सांगायचा. या माणसाने एक दिवस येऊन सांगितलं, की मोबाइलवर सिनेमा काढायचा. नवरा तो, बायको मी. एक जोडपं गावोगाव फिरतं. घराघरातलं कुणी ना कुणी बाहेरगावी कामाला असतंच, त्याची खुशाली सांगायला आलो म्हणतं, विश्वास कमावतं आणि हाताला लागेल ते घेऊन जातं. "चोरांचा सिनेमा?" मी नाक मुरडलं. "चोरी सोपी हाय," तो म्हणाला. "खोटं बोलू बोलू ते दोघं एकमेकाला वळखेनासे होतेत, ते दाखवायचंय मला." मला ते आवडलं. आवडलं म्हणूनच आज माझी सुटका नाही.

त्या जोडप्याची एक हिकमत त्याने लिहिली होती. आपण कुणाचं नाव घ्यायचं नाही. नुसतं म्हणायचं, "तुमच्याच माणसाकडून आलो..." आणि थांबायचं. "नाव ते घेतेत," दिगंबर म्हणायचा, "आपण फक्त हो म्हणायचं." तालमीत ते पटेना. समोर आमचेच दोस्त, त्यांना सगळं ठाऊक. मग याच्या डोक्यात आलं, की एका खऱ्या घरी जायचं. खांद्याच्या झोळीला काजाएवढं भोक पाडून आत मोबाइल ठेवायचा, प्रसंग झाला की हात जोडून खरं सांगायचं, परवानगी मागायची, चहा पिऊन परत. मी हो म्हणाले. याला मी एकट्या दिगंबरची चूक म्हणणार नाही.

राणीसावरगावच्या शिवाराला लागून मेंढरं राखणाऱ्यांची थोडी घरं आहेत. कडेच्या घरात मुक्ताबाई एकट्या, दारात चार शेळ्या. नाव मी बदललं आहे. आपल्याकडे पाणी दिल्याशिवाय पाहुण्याला नावगाव विचारत नाहीत. त्यांनी तांब्या दिला, गुळाचा खडा दिला. विचारायच्या आत मी म्हणाले, "तुमच्याच माणसाकडून आलोय, मावशी..." आणि थांबले. त्या माझ्यासमोर खालीच बसल्या. "सोपान?" त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "हो."

त्यांचा मुलगा सोपान बापाशी भांडून, मेंढरं रानात सोडून निघून गेला होता. तेव्हापासून त्याचा काही पत्ता नव्हता. बाप मेला तेव्हाही तो आला नव्हता. हे सगळं त्या सांगत होत्या आणि मधेच पदराने तोंड पुसत विचारत होत्या, "काय करायलाय तिकडं? जेवतो का येळेवर? लय हट्टी हाय त्यो." मी दिगंबरकडे बघितलं. आता सांग, आता तरी सांग... त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो बोलला ते लिहिलेलंच वाक्य: "बरा हाय, मावशी. तुमची लय याद काढतो." निघताना मुक्ताबाईंनी आतून सोपानची काळी घोंगडी आणली. "त्याला द्या. तिकडं गारठा असंल." रस्त्यावर आल्यावर दिगंबर बांधावर बसून ओकला. मी त्याला पाणीसुद्धा दिलं नाही.

सिनेमा पुरा झाला. स्टुडिओच्या खिडकीला चादर लावून त्याने आम्हा पाच जणांना दाखवला. तो प्रसंग आला तसा तो उठून बाहेर गेला. एकाने मान डोलावत म्हटलं, "म्हातारीनं काय काम केलंय!" दुसऱ्या दिवशी दिगंबरने सिनेमा कायमचा बंद करून टाकला. त्या प्रसंगावाचून तो पांगळा होता आणि त्या प्रसंगासकट दाखवणं पाप होतं. मग तो दर महिन्याला खरं सांगायला जायचा. साखर, तेल घेऊन जायचा आणि सोपानची नवी खुशाली सांगून परत यायचा. "तिचा चेहरा बघून जीभ उचलत न्हाई," म्हणायचा. मी एकदाही सोबत गेले नाही. मी भित्री आहे, हे इथे लिहून टाकते.

तेराव्यानंतर कमलने स्टुडिओतली घोंगडी माझ्या हातात दिली. "खुर्चीवर घालून ठेवायचे, पण कुणाला बसू द्यायचे न्हाईत. कुणाचीय?" या वेळी मात्र मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग परत करून या, ताई. खरं सांगून या." त्या रविवारी मी राणीसावरगावला गेले.

मुक्ताबाईंनी मला ओळखलं. तांब्या दिला, गूळ दिला. मी पाणी प्यायले आणि म्हणाले, "मावशी, ते आता येणार नाहीत..." पुढचं वाक्य मी बसमध्ये दहादा घोकलं होतं. पण मी तिथेच थांबले. खरंच थांबले, त्यात नाटक नव्हतं. त्यांनी माझ्या मांडीवरच्या घोंगडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सोपानकडं गेले का, कामाला?"

मी म्हणाले, "हो."

"मंग बरं झालं. दोघं संगं असतील," त्या म्हणाल्या. घोंगडी त्यांनी झटकली, नीट घडी घातली आणि परत माझ्या मांडीवर ठेवली. "ही विसरले वाटतं. आता तू दे पाठवून. आन पुढल्या महिन्यात येशील ना, खुशाली सांगायला?"

तिथे काय झालं ते कमलला अजून सांगितलेलं नाही. मुक्ताबाईंना वाचता येत नाही, म्हणूनच हे लिहायची हिंमत झाली. घोंगडी माझ्या घरी खुर्चीवर आहे. मी तिच्यावर कुणाला बसू देत नाही. काल बाजारातून साखर आणि तेल आणलं.